आठ जणींचा संघ

(हीरक महोत्सवी वर्षानिमित्त शाळेच्या सभागृहात झालेल्या पालक व माजी विद्यार्थी मेळाव्यात क्रीडाशिक्षिकांनी केलेले भाषण. संपादक मंडळाच्या विनंतीवरून त्यांनी ते स्मरणिकेसाठी लिहून दिले आहे.)



‘शाळेची साठ वर्षांची क्रीडापरंपरा’ या विषयावर मी बोलावे, अशी मुख्याध्यापिकाबाईंची सूचना होती. परंपरेविषयी बोलणे तसे सोपे असते. ढाली कपाटात आहेत, छायाचित्रे भिंतीवर आहेत, आणि आठवणीतला सामना आपण सहसा हरत नाही. त्यांची परवानगी घेऊन मी विषय थोडा बदलला आहे. मागच्या साठ वर्षांऐवजी पुढच्या दोन महिन्यांविषयी मी आज बोलणार आहे. पावसाळा ओसरू लागला की शालेय क्रीडास्पर्धा सुरू होतील. आपला सतरा वर्षांखालील मुलींचा बास्केटबॉल संघ आधी जिल्हा पातळीवर, आणि नशीब व मेहनत यांनी साथ दिली तर संभागीय पातळीवर खेळेल. या संघाविषयी माझ्या मनात काही आशा आहेत आणि काही काळज्या आहेत. त्या दोन्ही तुमच्यापुढे मोकळेपणाने ठेवाव्यात, कारण त्यांतील निम्म्याहून अधिक गोष्टी माझ्या एकटीच्या हातात नाहीत.

मुलींची नावे मी घेणार नाही. तसे मी त्यांना वचन दिले आहे. त्यांच्या पाठीवरच्या क्रमांकांनीच मी त्यांचा उल्लेख करीन. आपल्या जर्सी जुन्या पद्धतीच्या आहेत. त्यांवरील क्रमांक चारपासून सुरू होतात आणि पंधराला संपतात. पंच एक, दोन, तीन ही बोटे गुण दाखविण्यासाठी वापरतात. घोटाळा होऊ नये म्हणून आंतरराष्ट्रीय सामन्यांतही दीर्घकाळ चार ते पंधरा हेच क्रमांक असत. चार ते पंधरा म्हणजे बारा खेळाडू, पूर्ण संघ. आपल्याकडे आज चार ते अकरा आहेत. बारा, तेरा, चौदा आणि पंधरा या क्रमांकांच्या जर्सी गेली तीन वर्षे क्रीडासाहित्याच्या कपाटात घडी घालून ठेवलेल्या आहेत. दर उन्हाळ्यात मी त्या उन्हात टाकते, कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घालते, आणि पुन्हा कपाटात ठेवते.

आपण सर्व जण जाणता की मराठी माध्यमाच्या शाळेची इंदूरसारख्या शहरात आज काय अवस्था आहे. होळकरांच्या काळापासून येथे मराठी घरे नांदली; पण त्या घरांतील नातवंडे आता कोठे शिकतात, हे मी सांगायला नको. माझ्या विद्यार्थिदशेत याच शाळेत एकेका इयत्तेच्या तीन-तीन तुकड्या असत आणि संघात जागा मिळावी म्हणून चाळीस मुली रांगेत उभ्या राहत. आज आठ जणी मिळाल्या तर मी देवापुढे साखर ठेवते. कपाटातल्या त्या चार जर्सी म्हणजे आपल्या पटसंख्येचा माझ्यापुरता आलेख आहे.

या खेळाचा जन्मच मुळी एका शिक्षकाच्या अडचणीतून झाला, हे मला नेहमी दिलासा देते. १८९१ सालचा डिसेंबर महिना. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ नावाच्या तरुण शिक्षकाकडे अठरा जणांचा एक वर्ग सोपविण्यात आला होता. बाहेर हिवाळा, आत कंटाळलेली मुले. त्याने शिपायाकडे दोन खोकी मागितली. शिपायाला खोकी मिळाली नाहीत, त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या आणून दिल्या. त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या गेल्या. कठडा जमिनीपासून दहा फूट उंच होता, म्हणून आजही जगभर कडे दहा फुटांवरच असते. तेरा नियम लिहिले गेले, नऊ विरुद्ध नऊ असा सामना झाला, आणि तो अवघ्या एका गोलाने सुटला. हाताशी असेल त्यातून खेळ उभा करायचा, ही या खेळाची मूळ प्रकृतीच आहे. तेव्हा साहित्य नाही, मैदान नाही, मुली नाहीत, अशी तक्रार करताना मला त्या टोपल्या आठवतात आणि मी गप्प बसते.

दुसऱ्याच वर्षी हा खेळ स्मिथ महाविद्यालयात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने मुलींसाठी सुरू केला. मात्र मुलींना फार धावावे लागू नये म्हणून मैदानाचे भाग पाडले गेले आणि आपला भाग ओलांडायची त्यांना मनाई होती. पुरुषांचा बास्केटबॉल ऑलिंपिकमध्ये १९३६ साली आला; महिलांचा यायला १९७६ साल उजाडले. मधली चाळीस वर्षे मुलींना कोणी ना कोणी सांगतच होते की इतके धावू नका. ते सांगणारे लोक अजून संपलेले नाहीत, हे आपल्या मुलींच्या आयांना आणि आज्यांना ठाऊक आहे.

आता आमच्या संघाविषयी. पाच नंबर कर्णधार आहे, दहावीत आहे. तिचे वैशिष्ट्य असे की सामना हातातून जाऊ लागला की तिचा आवाज खाली येतो. माझा वर जातो. सात नंबर अंगाला अंग लागले की बिचकते, पण फ्री थ्रोच्या रेषेवर एकटी उभी राहिली की तिच्याइतकी स्थिर मुलगी मी पाहिलेली नाही. सहा नंबरच्या घरी माळवी बोलतात. मराठी ती या शाळेत येऊन शिकली. आठ नंबरचे आईवडील खानदेशातून बांधकामाच्या कामावर इकडे आले. ती वर्गात सर्वांत बुटकी. पण मैदानावर दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मधली फट तिला जशी दिसते तशी मलाही दिसत नाही. नऊ, दहा आणि अकरा या तिघी यंदाच आल्या आहेत. अकरा नंबरला चेंडू हातात आला की हसू येते. आजवर ते मला थांबवता आलेले नाही, आणि खरे सांगायचे तर थांबवायचेही नाही.

आणि चार नंबर. उंची पाच फूट आठ इंच, हात लांब, उडी सहज. तिच्याविषयी थोडे पुढे बोलेन.

आमच्या मुली मैदानावर मराठीत ओरडतात. प्रतिस्पर्ध्यांना कळू नये, हा त्यांचा मूळ डाव होता. इंदूरात तो डाव चालत नाही. गेल्या वर्षी समोरच्या संघाच्या प्रशिक्षकांनी सामना संपल्यावर मला शुद्ध पुणेरी मराठीत सांगितले, “तुमच्या मुलींच्या सूचना आमच्या फार उपयोगी पडल्या.” तरीही मी त्या बदलल्या नाहीत. बचाव करताना एकीला चकवून प्रतिस्पर्धी पुढे निघाली, तर तिच्या मागची मुलगी ओरडते, “मी आहे!” अर्थ एवढाच, की तू चुकलीस तरी हरकत नाही, मागे मी उभी आहे, तू सावर. प्रशिक्षणाच्या पुस्तकात यासाठी इंग्रजी शब्द आहे. आमच्या मुलींनी हे दोन शब्द निवडले. ते सर्वांत मोठ्याने ओरडते ती सहा नंबर, जिची ही मातृभाषा नाही.

गेल्या वर्षी जिल्हा स्पर्धेतील दुसऱ्या सामन्यात आपण तीन गुणांनी हरलो. त्या सामन्यात चुकविलेले फ्री थ्रो तिनाहून पुष्कळ अधिक होते. म्हणून यंदा सराव संपला, पाय थकले, की प्रत्येकीने फ्री थ्रो टाकायचे, असा नियम आहे. कारण सामन्यातही ते थकलेल्या पायांनीच टाकायचे असतात. एक साधी गोष्ट मी त्यांना एकदा मोजपट्टी घेऊन दाखविली. कड्याचा व्यास ४५ सेंटिमीटर, आणि मुलींच्या चेंडूचा साधारण २३. म्हणजे खालून पाहताना अरुंद वाटणाऱ्या त्या कड्यात दोन चेंडू जवळजवळ शेजारी शेजारी मावतील. हे मोजल्यानंतर सात नंबर म्हणाली, “बाई, मग आपण उगाच घाबरत होतो.” माझी पहिली आशा या वाक्यावर उभी आहे.

आता काळज्या. पहिली काळजी साध्या अंकगणिताची आहे. सामना चाळीस मिनिटांचा, मैदानावर पाच जणी. म्हणजे एकूण दोनशे मिनिटांचे श्रम. संघात बारा जणी असतील तर प्रत्येकीच्या वाट्याला सुमारे सतरा मिनिटे येतात. आठ असतील तर पंचवीस. दोन दिवसांत तीन सामने असले की हा फरक पायांना कळतो. त्यातून पाच फाउल झाले की खेळाडू बाद. थकलेली मुलगी पायाने बचाव करीत नाही, हाताने करते, आणि हाताने केलेला बचाव म्हणजे फाउल. शेवटच्या पाच मिनिटांत आमच्या बाकावर कोणीच नाही, असे स्वप्न मला पडते.

या ठिकाणी मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. मी नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्याच वर्षीची गोष्ट. तेव्हाही एका स्पर्धेत दुखापतींमुळे आमच्याकडे सातच मुली उरल्या होत्या. उपांत्य सामन्यात आमच्या सर्वांत चांगल्या मुलीचा घोटा मुरगळला. सूज डोळ्यांना दिसत होती. मी तिला विचारले, “खेळशील का?” पंधरा वर्षांची मुलगी बाईंना काय उत्तर देणार? ती म्हणाली, “खेळते.” मी क्रेप बँडेज घट्ट बांधले आणि तिला मैदानात पाठविले. तो सामना आम्ही जिंकलो. अंतिम सामन्यात ती उभी राहू शकली नाही, आणि त्यानंतर कधीच खेळली नाही. या सभागृहाबाहेरच्या फलकावर त्या वर्षापुढे सोनेरी अक्षरांत ‘उपविजेते’ असे लिहिलेले आहे. घोट्याचा उल्लेख त्यात नाही. तिने मला आजवर एका शब्दाने दोष दिलेला नाही. म्हणूनच तो मी स्वतः येथे सांगते आहे. प्रश्न तिला विचारण्याचा नव्हताच. तो निर्णय माझा होता आणि मी तो तिच्यावर ढकलला.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे, आणि यंदा तो मी पालकांच्या साक्षीने पुन्हा सांगते : दुखापत झालेली मुलगी डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय खेळणार नाही, मग अंतिम सामना असो, संघात चार जणी उरोत, की तिची स्वतःची कितीही इच्छा असो. नियमाप्रमाणे सामना सुरू करायला पाच जणी लागतात, पण पुढे मैदानावर दोन खेळाडू उभे असेपर्यंत तो चालू राहू शकतो. आम्ही दोघींनिशी हरू, पण दुखऱ्या पायानिशी जिंकणार नाही.

उड्या मारण्याच्या खेळांत मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध मुलांच्या तुलनेत अधिक सहज फाटतो, हे आता वैद्यकशास्त्राने चांगले दाखवून दिले आहे. त्यावर उपायही आहे आणि तो फुकट आहे. सरावापूर्वी पंधरा-वीस मिनिटे ठरावीक व्यायाम, एका पायावर तोल, आणि उडीवरून उतरताना गुडघे वाकवून, ते आत न झुकू देता हलके उतरणे. आमच्या मुली उतरताना मी डोळे मिटून ऐकते. पायांचा आवाज मोठा आला तर पुन्हा उडी. येणारे पालक विचारतात, “बाई, चेंडू कधी देणार?” चेंडू विसाव्या मिनिटाला मिळतो, तो आधी दिला तर मला तो मोह महाग पडतो, हे मी एकदा शिकले आहे.

दुसरी काळजी स्वयंपाकघरातली आहे, आणि ती सर्वस्वी पालकांच्या हातची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत आपल्या देशातील १५ ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी एकोणसाठ मुली रक्तक्षयाने ग्रस्त आढळल्या. हा आकडा वाचल्यावर तिसऱ्या चरणात आमच्या मुली का मंदावतात, याचे उत्तर मी केवळ सरावात शोधणे थांबविले. मुलींचे रक्त तपासून घ्या. डब्यात पोहे असतील तर त्यावर लिंबू पिळा, त्याने लोह अंगी लागते. जेवणाबरोबर चहा देऊ नका, त्याने लोह वाया जाते. गूळ-शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, पालेभाजी, चालत असेल त्या घरी अंडे; यांतले काहीही महाग नाही. घरातले शेवटचे ताट आणि उरलेली भाजी मुलीच्या वाट्याला येत असेल, तर ती चाळीस मिनिटे धावेल कशी? मासिक पाळीच्या दिवसांत मुलीने खेळावे की नाही, हे तिच्या प्रकृतीने ठरवावे. लाजेने किंवा भीतीने नव्हे. सांगायला संकोच वाटू नये म्हणून मी सरावाच्या वहीत एक रकाना ठेवला आहे. त्यात फक्त खूण करायची, कारण लिहायचे नाही.

तिसरी काळजी आभाळाची. आमचे मैदान उघडे आहे, सिमेंटचे आहे, आणि उत्तरेकडच्या कड्याखाली पाणी साचते. श्रावणात आम्ही आधी झाडू आणि गोणपाट घेऊन पाणी काढतो, मग सराव करतो. रेसकोर्स मार्गावरील बास्केटबॉल संकुलात ज्यांना रोज सराव करायला मिळतो, त्यांच्याशी आमची गाठ पडणार आहे. मुली नाराज झाल्या की मी त्यांना बर्लिनची गोष्ट सांगते. १९३६ च्या ऑलिंपिकचा अंतिम सामना उघड्या टेनिस मैदानावर भर पावसात झाला. चिखलात चेंडू उसळतच नव्हता. अमेरिकेने कॅनडाला हरविले ते १९ विरुद्ध ८ अशा गुणांनी. आज एका चरणात त्याहून अधिक गुण होतात. टोपल्या ठोकणारे नायस्मिथ त्या स्पर्धेला स्वतः उपस्थित होते. चेंडू उसळत नसेल तर एकच गोष्ट उरते : तो हातातून हातात द्यायचा. म्हणून पावसाच्या दिवशी आमच्याकडे टप्पे बंद, केवळ पास. या दोन महिन्यांत आमचे पास शहरातील कोणत्याही संघाइतके चांगले होतील, ही माझी दुसरी आशा आहे. आणि ती त्या गळक्या आभाळाची देणगी आहे.

मात्र पासचा प्रश्न मला पुन्हा चार नंबरकडे घेऊन येतो. शहरातील एका मोठ्या शाळेने तिला पुढील वर्षासाठी प्रवेश देऊ केला आहे. शुल्क माफ, बूट त्यांचे, छताखाली सराव. तिचे वडील माझ्याकडे आले. रिक्षा बाहेर उभी करून ते उंबऱ्यातच थांबले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही सांगाल तसे करतो.” एका शिक्षिकेवर याहून मोठे ओझे कोणी टाकू नये. ‘नको पाठवू’ म्हणण्याचा मोह मला झाला, हे मी लपवत नाही. ती गेली तर पुढच्या वर्षी सातच मुली उरतील. पण मी त्यांना एवढेच सांगितले, “तेथे अभ्यासाकडे कोण बघणार, दुखापत झाली तर उपचार कोण करणार, आणि ती खेळायची थांबली तरी शुल्क माफ राहणार का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तरे लेखी मिळाली तर पाठवा. माझा राग धरू नका, मी तुमचा धरणार नाही.” ते दिवाळीपर्यंत ठरविणार आहेत.

माझी काळजी ती जाईल ही नाही. आपल्याला पाहायला कोणी येणार आहे, हे कळल्यापासून तिने चेंडू हातात धरून ठेवायला सुरुवात केली आहे, ही माझी खरी काळजी आहे. पूर्वी ती आठ नंबरला चेंडू देई आणि आठ नंबर तो परत तिच्या हाती नेमका कड्याखाली ठेवी. आता ती एकटीच तिघींमधून जायला बघते. कधी जमते, बहुधा जमत नाही. आठ नंबर काही बोलत नाही. मोकळी असूनही हात वर करायचे तिने सोडून दिले आहे, आणि मला ते अधिक लागते. मी चार नंबरला रागावले नाही. गेल्या आठवड्यात दोघींना शेजारी बसवून एवढेच म्हटले, की पाहायला येणारे लोक शहाणे असतील तर ते तुझी उंची पहिल्या मिनिटात पाहतील, आणि उरलेली एकोणचाळीस मिनिटे तू दुसरीला पाहतेस का, हे बघतील. तिला पटले की नाही, ते मला ठाऊक नाही. ते पहिल्या सामन्यात कळेल.

पालकहो, मोठी स्वप्ने पाहू नयेत असे मी म्हणत नाही. वाराणसीच्या एकाच घरातील चार बहिणी भारताकडून खेळल्या. त्यांतील प्रशांती सिंग यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शिरीन लिमये यांनी भारतीय महिला संघाचे नेतृत्व केले. २०१७ साली बंगळुरूला आपल्या महिलांनी आशियाई चषकाच्या ‘ब’ विभागाचा अंतिम सामना कझाकस्तानविरुद्ध अवघ्या दोन गुणांनी जिंकला. एके काळी आपल्याच राज्यात असलेल्या भिलाईत दिवंगत राजेश पटेल यांनी सामान्य घरांतील मुलींमधून देशाला खेळाडू दिल्या. रस्ता आहे. पण आमच्या आठ जणींपैकी किती जणी त्या रस्त्याने जातील, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यासाठीच मी शिकवीत असते तर बाकीच्या मुलींवर तो अन्याय झाला असता. अकरा नंबर कदाचित आयुष्यात पुन्हा कधी स्पर्धा खेळणार नाही. तिला या दोन महिन्यांतून काय मिळेल, याचीही जबाबदारी माझी आहे.

म्हणून माझे मागणे लहान आहे. पाच नंबरचे दहावीचे वर्ष आहे. तिला संघातून काढण्याचा विचार तिच्या घरी चालू आहे. तिचा अभ्यास बुडू नये म्हणून गणिताच्या सरांनी सरावानंतर पाऊण तास देण्याचे मान्य केले आहे. एवढे दोन महिने तिला आमच्याकडे राहू द्या. अनंत चतुर्दशीच्या झाँकींच्या रात्री मुली जागणार, हे मला माहीत आहे; दुसऱ्या दिवशी मी सराव ठेवलेला नाही, पण त्याआधी ढोलाच्या सरावासाठी बास्केटबॉलचा सराव चुकवू नये. मुलगी उन्हात काळवंडली म्हणून येणाऱ्या आत्यांना आणि माम्यांना तुम्हीच परस्पर उत्तर द्या. सायंकाळी साडेसहानंतर मुलींना घरी सोडण्याची पाळी पालकांनी आपसांत वाटून घ्यावी. आठ घरे आहेत, आठवड्यातून एकेकाची एकदाही पाळी येणार नाही.

माजी विद्यार्थ्यांनो, तुम्ही ढाल देऊ करता, पंखे देऊ करता, त्याबद्दल शाळा ऋणी आहे. मला मात्र उत्तरेकडच्या कड्याखालचा उतार नीट करून देणारा एखादा गवंडी हवा आहे. गुणलेखनाला बसणारे दोघे हवे आहेत. स्पर्धेच्या दिवशी बाकाशेजारी एखादा डॉक्टर हवा आहे, म्हणजे पंधरा वर्षांच्या मुलीला “खेळशील का?” असे विचारण्याची वेळ माझ्यावर येणार नाही. आणि जे अजून इंदूरातच राहतात, ज्यांच्या घरी सहावी-सातवीतल्या मुली आहेत, त्यांना काय मागायचे, ते मी बोलून दाखवीत नाही. कपाटाची किल्ली माझ्याकडे असते.

आपण जिंकू का, असे मला अनेकांनी विचारले. पहिले दोन सामने जिंकण्याइतका हा संघ चांगला आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. पुढचे माहीत नाही. पण प्रतिस्पर्धी वेगाने निघाली असताना, एक जण चुकलेली असताना, मागून “मी आहे” असा आवाज येतो का, आणि तो शेवटच्या मिनिटापर्यंत येत राहतो का, याकडे माझे कान असतील.

जिल्हा स्पर्धेची तारीख जाहीर झाली की ती फाटकावरच्या फळ्यावर लिहिली जाईल. आपण सर्वांनी यावे. आणि आल्यावर मराठीत ओरडावे. समोरच्या बाजूला कळले तर कळू द्या.